येशूसंघाचे फादर, पोपनंच मोडलेला संघ आणि बाइंडिंगला आलेलं एक पुराण

पंचगंगेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच एवढं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, वडलांपासूनचं. वकिलांची दप्तरं, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध, घरोघरच्या पोथ्या असं काम येतं. पंधरा दिवसांमागं आजऱ्याच्या एक ताई पिशवीतनं एक पुस्तक घेऊन आल्या. पाठ गेलेली, शिवण उसवलेली, दोन-तीन फर्म्यांना (घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुड्यांना) वाळवी. ‘ख्रिस्तपुराण’, १९५६ सालची देवनागरी आवृत्ती, त्यांच्या आजोबांची. म्हणाल्या, जुजबंदी (फर्मे दोऱ्यानं शिवून बांधणी) करून द्या, पण कडा कापू नका, समासात आजोबांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवलंय.

पुस्तक उसवताना पानं वाचायची मला खोड आहे. वाटलं होतं बायबलचं भाषांतर असेल. निघाली ओवी! साडेतीन चरणांची, आपल्या पोथीतली असते तशी. मोगरीची फुलं, कस्तुरीचा परिमळ, रत्नांमधला हिरा, अशा उपमा देत मराठीची थोरवी गायलेली. शाळेत हे कडवं पाठ केलं होतं. पण त्याच्या मागंपुढं जवळपास ११ हजार ओव्या आहेत, हे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

लिहिणारा इंग्रज. थॉमस स्टीफन्स, जन्म १५४९, विल्टशायर परगण्यातला. २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरला. म्हणजे नाथमहाराज पैठणात हयात होते तेव्हा. पुराण छापलं १६१६ साली, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या राशोलला. तुकोबा त्या वेळी सात-आठ वर्षांचे. हा माणूस व्यापारी नव्हता की शिपाई नव्हता. फादर होता, ‘येशूसंघा’चा. इंग्रजीत ज्यांना जेझुइट म्हणतात ते.

मग हा संघ म्हणजे नेमकं काय, याच्या मागं लागलो. करवीर नगर वाचन मंदिरात आठवडाभर बसलो. जे हाती लागलं ते सांगतो, जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात एका जायबंदी शिपाईगड्यापासून. स्पेनच्या बास्क मुलखातला इग्नेशियस लोयोला. २० मे १५२१ ला पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड वाकडं जुळलं म्हणून ते पुन्हा फोडून घेतलं, तेही भूल नसताना. घरी महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शौर्याच्या कथा मागितल्या, तर घरात होती दोनच पुस्तकं, ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. त्या दोन पुस्तकांनी माणूस फिरला. बरा झाल्यावर मोंसेराटच्या देवळात तलवार ठेवली आणि मानरेसा गावी जाऊन तप केलं. लॅटिन येत नव्हतं म्हणून तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लहान पोरांबरोबर बाकावर बसून शिकला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तलवार ठेवणारे पुष्कळ निघतील, पण त्या वयात मुळाक्षरं गिरवायला बसणं सोपं नाही.

पुढं पॅरिसला विद्यापीठात गेला. खोलीतले सोबती पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. १५ ऑगस्ट १५३४ ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रत घेतलं. २७ सप्टेंबर १५४० ला पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली.

जुन्या संघांचे संन्यासी मठात राहायचे आणि ठरल्या वेळांना एकत्र उभं राहून प्रार्थना गायचे. इग्नेशियसनं ते काढून टाकलं. वेगळा झगाही ठेवला नाही. जिथं गरज तिथं जायचं, तिथली भाषा शिकायची. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही तीन व्रतं इतरांसारखीच, वर चौथं एक, पोप जिथं धाडतील तिथं जायचं. घडणही लांबलचक: दोन वर्षं उमेदवारी, मग तत्त्वज्ञान, मग शाळेत शिकवणं, मग ईशज्ञान (धर्मशास्त्र). फादर व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. आणि तीस दिवस मौनात बसून करायची ‘आध्यात्मिक साधना’, जी इग्नेशियसनं स्वतःच्या अनुभवावरनं बांधली.

मान्यता मिळून दोन वर्षं झाली नाहीत तोच झेवियर गोव्यात. ६ मे १५४२. लिस्बनहून तेरा महिन्यांचा प्रवास. त्यानंतर दहा वर्षांत दक्षिणेचा किनारा, मलाक्का, जपान. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दाराशी एका बेटावर गेला. वय ४६.

माझ्या धंद्याची गोष्ट: भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच संघाच्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात लागला. तो निघाला होता ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), वाटेत गोव्यात राहिला तो राहिलाच. पण देवनागरी खिळे नव्हते. स्टीफन्सनं १६०८ साली रोमच्या वरिष्ठांना पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे मागितले. मिळाले नाहीत. अख्खं मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावं लागलं.

आता जे कळल्यावर माझी झोप उडाली ते सांगतो. १६१६, मग १६४९, मग १६५४, अशा तीन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्हींतली एकही छापील प्रत कुठं मिळत नाही. एकसुद्धा! आणि ज्या संघानं ती छापली तो संघ १७७३ साली खुद्द पोपनं मोडून टाकला. मग माझ्या टेबलावर हे पुस्तक आलं कसं?

यावर बोलूया. ताईही इथं सभासद आहेत असं कळलं, त्यांना धाग्याची लिंक पाठवली आहे.

---

रंकाळ्यावरचा

नाद खुळा लिहिलंय दादा. वाचनखूण साठवली. पुढं लिहा लवकर.

---

आजऱ्याची लेक

काका, ती ताई मीच. 🙂 पुस्तकाचं एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.

आम्ही आजऱ्याकडचे कॅथलिक. घरात बोलणं कोंकणी, शाळा-बाजार मराठी. आमची माणसं तळकोकणातनं घाट चढून वर आली, असं आजोबा सांगायचे. आता आम्ही सिंधुदुर्ग धर्मप्रांतात. २००५ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होतो, त्या साली कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे वेगळे काढले.

लोकांचा घोळ होतो म्हणून सांगते. सगळे फादर येशूसंघाचे नसतात. गावच्या चर्चचे फादर बहुतेक धर्मप्रांताचे, ते आपल्या महागुरुस्वामींच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखाली. संघाचे फादर संघाच्या वरिष्ठांच्या हाताखाली, त्यांची बदली जगात कुठंही. नावापुढं ‘ये. सं.’ दिसलं की समजायचं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, सालेशियन हे आणखी वेगळे संघ.

आजोबांकडं ‘निरोप्या’ मासिक यायचं. ते १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या केंदळला सुरू केलं. पुढं डोरिंग पुण्याचे महागुरुस्वामी झाले. आजोबा शेतकरी, चौथी शिकलेले, पण निरोप्याचे अंक वर्षवारीनं सुतळीत बांधून ठेवायचे.

---

पेठेतला वाचक

उत्तम धागा. म्हणजे फादर दिब्रिटो येशूसंघाचेच ना? उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते.

---

आजऱ्याची लेक

नाही दादा, दिब्रिटो फादर वसई धर्मप्रांताचे. उस्मानाबादचं ते ९३वं संमेलन, जानेवारी २०२०. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. हिंदीत रामकथेवर प्रबंध लिहिणारे आणि इंग्रजी-हिंदी कोश करणारे फादर कामिल बुल्के मात्र येशूसंघाचे. बेल्जियमचे, रांचीत राहिले.

---

शाहूनगरीतला

आणखी एक घोळ मिटवू. कोल्हापुरात ‘मिशन’ म्हटलं की डोळ्यांपुढं येतात ते अमेरिकन प्रॉटेस्टंट. रॉयल वायल्डर १८५२ ला इथं आले. मिरजेचे डॉ. वॉन्लेस त्याच प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्यांचा या संघाशी संबंध नाही. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं काढली, त्यात १९१५ साली इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. येशूसंघाची इथली ओळख म्हणजे सेंट झेवियर्स शाळा.

---

तटबंदी

गडकोट भटकणारा माणूस मी, चर्चच्या इतिहासातलं फार कळत नाही. पण झेवियरचं नाव निघालंय तर आपल्या इतिहासातली एक नोंद सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१६८३ चा नोव्हेंबर. गोव्याचा पोर्तुगीज विजरई (व्हॉइसरॉय) कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला आणि मार खाऊन माघारी पळाला. पाठोपाठ संभाजीराजांच्या माणसांनी गोवा शहराच्या अगदी नाकासमोरचं सांतु इश्तेव्हांव बेट रात्रीत घेतलं. शहरात घबराट उडाली. तेव्हा हा विजरई बॉं जेझूस चर्चमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड नि अधिकारपत्र त्या मृत हातांपाशी ठेवलं. शहर आता तूच राख, म्हणून. पुढं शहाआलम मोगली फौज घेऊन कोकणात उतरायला लागला, तेव्हा राजांना मागं फिरावं लागलं. गोव्यात मात्र श्रेय झेवियरला गेलं.

२०२४ च्या डिसेंबरात तिथं दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन होतं, तेव्हा कोल्हापूरहून एसटीनं गेलो होतो. रांगेत कारवारची, बेळगावची, आपल्या चंदगडची माणसं, हिंदूही पुष्कळ. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली. तिथं उभं राहून मला फोंड्याची लढाई आठवत होती आणि शेजारची म्हातारी हात जोडून रडत होती. दोन्ही खरं होतं.

---

सासष्टीकार

मी मडगावचा, नोकरीनिमित्त कागलच्या एमआयडीसीत आठ वर्षं आहे. धागा आवडला. पण एक बाजू राहते आहे आणि ती न मांडता हा इतिहास पुरा होत नाही.

१५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या कप्तानानं सासष्टीतली देवळं पाडली, शेकड्यांनी. पोर्तुगीज राजवटीनं सासष्टी तालुका धर्मकार्यासाठी येशूसंघाला नेमून दिला होता. शिपायांबरोबर फादर होते, त्यांची संमती होती. १५८३ च्या जुलैत पाच फादर कुंकळ्ळीला नव्या चर्चची जागा पाहायला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना मारलं. त्यांचा म्होरक्या रुदोल्फ आक्वाव्हिव्हा, संघप्रमुखाचा सख्खा पुतण्या. हाच रुदोल्फ तीन वर्षांपूर्वी अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेला होता, तिथं मुल्ला-पंडितांशी वाद केले होते, बादशहाला बहुभाषी बायबल भेट दिलं होतं.

मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना (गावच्या प्रमुखांना) बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. सोळा गेले. पंधरांना मारलं, एक उडी टाकून निसटला. आमची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला हलवलेली, ती आजही तिथं. दरसाल छत्र्यांचा उत्सव होतो, देवी आपल्या जुन्या गावात येते.

चर्चनं १८९३ साली त्या पाच फादरांना ‘धन्य’ घोषित केलं. गावकारांचं स्मारक व्हायला आणखी शंभर वर्षं गेली. आणि झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) मागितलं होतं, हेही शवदर्शनाच्या रांगेत कुणी सांगत नाही. ते १५६० ला सुरू झालं. चालवणारे मुख्यतः राजाचे नि दुसऱ्या संघाचे लोक, पण मागणी झेवियरची होती.

स्टीफन्स याच सासष्टीत, याच वर्षांत होता. त्याची मराठी कितीही गोड असली तरी मला ती वाचताना पायाखालची जमीन आठवते.

---

पंचगंगेकाठी

सासष्टीकार, बरं झालं लिहिलंत. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, मी पुस्तकाच्या प्रेमात पडून पुढं निघून गेलो. ज्या लोकांसाठी हे पुराण लिहिलं त्यांच्या जुन्या पोथ्या त्याआधी जाळल्या गेल्या होत्या. बाटलेली माणसं फादरांकडं पोथ्या मागत होती, कारण त्यांना ओवी ऐकायची सवय होती. स्टीफन्सनं ती गरज ओळखली. त्यानं दिलेलं पुस्तक सुंदर आहे, आणि ते ज्या रिकाम्या जागेत ठेवलं ती जागा जबरदस्तीनं रिकामी केली होती. दोन्ही एकाच जुजात शिवायला लागणार. एक फर्मा काढून टाकला तर पुस्तक खोटं होतं.

---

मास्तर गडहिंग्लज

इतिहास शिकवतो, म्हणून ‘पोपनं संघ मोडला’ याचं थोडं सविस्तर सांगतो. धागाकर्त्यांनी एका ओळीत उरकलंय आणि तिथंच खरी कहाणी आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत संघ फार मोठा झाला होता. सुमारे २२-२३ हजार माणसं, युरोपभर शेकडो कॉलेजं, राजघराण्यांचे पापनिवेदन ऐकणारे फादर. सत्तेच्या एवढ्या जवळ गेलं की वैरीही तिथंच तयार होतात. त्या काळी राजांना चर्च आपल्या मुठीत हवं होतं आणि चौथ्या व्रतामुळं हे लोक थेट पोपला बांधलेले.

ठिणगी पडली दक्षिण अमेरिकेत. पराग्वेच्या रानात संघानं ग्वारानी लोकांच्या वसाहती वसवल्या होत्या. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून तिथं त्यांना आसरा होता. १७५० च्या तहात स्पेननं त्यातली सात गावं पोर्तुगालला देऊन टाकली आणि ग्वारानींना उठायला सांगितलं. ते उठले, पण शस्त्र घेऊन. पोर्तुगालचा कारभारी पोंबाल यानं ठपका फादरांवर ठेवला. १७५८ मध्ये राजावर गोळीबार झाला, त्यातही त्यांचं नाव गोवलं. १७५९ ला पोर्तुगाल आणि त्याच्या सगळ्या मुलखातून संघ हद्दपार, त्यात गोवाही आलं. गोव्यातल्या फादरांना धरून जहाजानं लिस्बनला नेलं, कित्येक जण किल्ल्याच्या कोठड्यांत वर्षानुवर्षं सडले.

फ्रान्समध्ये निमित्त कर्जाचं. मार्टिनिक बेटावरचा एक फादर व्यापारात पडला नि बुडाला, धनको कोर्टात गेले, आणि कोर्टानं कर्जाबरोबर संघाची घटनाच तपासायला घेतली. १७६४ ला तिथंही बंदी. १७६७ ला स्पेन. मग हे सगळे राजे मिळून पोपच्या मागं लागले. २१ जुलै १७७३ ला चौदावे क्लेमेंट यांनी संघ विसर्जित केल्याचं फर्मान काढलं. संघप्रमुख लोरेन्झो रिची यांना रोमच्या सांत आंजेलो किल्ल्यात कोंडलं. दोष शाबीत झाला नाही, पण सुटकाही झाली नाही. १७७५ ला ते तिथंच वारले.

वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरं विचारतात, चौथं व्रत पोपच्या आज्ञेचं, मग पोपनंच मोडा म्हटल्यावर काय केलं? मोडले. बहुतेकांनी निमूट मान्य केलं. मला या संघाबद्दल जो काही आदर आहे तो याच जागी.

पण एक चमत्कारिक गोष्ट घडली. फर्मान लागू व्हायला ते त्या त्या देशात जाहीर व्हावं लागे. रशियाची राणी कॅथरिन कॅथलिक नव्हे, तिनं ते जाहीरच होऊ दिलं नाही, तिला शाळांसाठी हे मास्तर हवे होते. चाळीस वर्षं संघाचा दिवा तिथं तेवत राहिला. ७ ऑगस्ट १८१४ ला सातव्या पायसनी संघ पुन्हा जगभर उभा केला.

---

रंकाळ्यावरचा

मास्तर, अंगावर काटा आला. शाळेत असं का नाही शिकवलं कुणी?

भिंतीवरच्या कॅलेंडराचं पण यांच्याशी काहीतरी आहे ना?

---

मास्तर गडहिंग्लज

आहे. १५८२ ला पोप ग्रेगरींनी पंचांग सुधारलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. त्या कामातला मुख्य गणिती क्रिस्तोफर क्लाव्हियुस, येशूसंघाचा. चीनमध्ये रिची नावाचा त्याचाच विद्यार्थी गणित नि नकाशे घेऊन बीजिंगला पोचला, १६०१ मध्ये. संघप्रमुख रिची वेगळे, हा मात्तेओ रिची.

---

नगरकर पाटील

आमच्याकडचं एक सांगतो. संगमनेर-पारनेर भागात पाणलोटाचं काम उभं केलं ते फादर बाखर यांनी, स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खोदायचे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि निर्णय गावानं घ्यायचा. जर्मनीच्या मदतीचा पाणलोट कार्यक्रम त्यांच्याच खटपटीनं आला. माझ्या मामाच्या गावात जानेवारीतच टँकर लागायचा. चर खोदताना मीही पाटी उचललीय. बाखर बाबा मराठी बोलायचे, शेताच्या बांधावर बसून. धर्माचा विषय त्यांनी काढलेला मी तरी ऐकला नाही.

---

आजऱ्याची लेक

विठोबाच्या संप्रदायावर अभ्यास करून १९६० साली पुण्यातनं इंग्रजी ग्रंथ काढणारे फादर दल्युरी हे फ्रेंच येशूसंघीय. तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. पुण्यातल्या शनिवार पेठेतलं स्नेहसदनही याच संघाचं.

मधला दुवा असा: संघ परत उभा राहिल्यावर एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडं जर्मन येशूसंघीय आले. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनी १८६९ ला काढलं. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना स्थानबद्ध केलं, मायदेशी धाडलं. मग मुंबईला स्पॅनिश आले. इतिहासकार फादर हेरास त्यातलेच, १९२२ ला आले. आता बहुतेक सगळे आपलेच लोक आहेत. २०१३ ला संघाचा पहिला पोप झाला, फ्रान्सिस. २०२५ च्या एप्रिलात ते वारले तेव्हा आमच्या गावच्या मिस्सेला शेजारची हिंदू घरंसुद्धा आली होती.

सासष्टीकार दादा, तुम्ही लिहिलंत त्यावर काय बोलावं कळत नव्हतं. आमच्या घरी असं सांगतात की आमचे पूर्वज धर्म बदलल्यावरसुद्धा इन्क्विझिशनच्या धाकानंच गोवा सोडून आले. लग्नात रोस (नारळाचा रस) लावणं, दारात तुळस, नवं भात देवापुढं ठेवणं, कशाकशासाठी शिक्षा व्हायची. म्हणजे ज्यांनी बाटवलं त्यांच्याच भीतीनं पळालो, आणि येताना त्यांनीच दिलेलं पुराण घेऊन आलो. आजोबा उपवासकाळात संध्याकाळी ते चालीवर म्हणायचे. मला त्या घरात कुणाला परकं म्हणावं कळत नाही.

---

सासष्टीकार

ताई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आमच्याकडं एकाच आडनावाची अर्धी घरं फातर्प्याला जातात, अर्धी चर्चला. मूळ पुरुष एकच. राग त्या घरांवर नाही, कधीच नव्हता.

भाषेबद्दल एक. तटबंदींनी ज्या विजरईचं नाव घेतलं, त्या आल्व्होरनंच १६८४ च्या जूनमध्ये हुकूम काढला, तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. पुढं देशी भाषेतली पुस्तकं संशयाची झाली. छापील ख्रिस्तपुराण का नाहीसं झालं याचं उत्तर मला तिथं दिसतं. आणि कोंकणीचं पहिलं व्याकरण लिहिलं तेही या स्टीफन्सनंच. तो १६१९ ला वारला आणि व्याकरण छापलं १६४० ला. हे मात्र त्याच्या पदरात घालायलाच हवं.

---

पंचगंगेकाठी

मी सुरुवातीला विचारलं होतं, पुस्तक माझ्या टेबलावर आलं कसं. आता तुकडे जुळवता येतात.

हुकूम निघाला, छापील प्रती गेल्या. १७५९ ला ते छापणारेही गेले. त्यांची राशोलची, जुन्या गोव्याची घरं दुसऱ्यांच्या ताब्यात. पण तोवर पुराण लोकांच्या तोंडी बसलं होतं आणि लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं होतं. घाटापलीकडं, मंगळूरकडं गेलेल्या कुटुंबांनी उतरवलेल्या वह्या जपल्या. त्या वह्यांवरनं १९०७ साली मंगळूरला सालदान्हा यांनी छापील आवृत्ती काढली, रोमन लिपीतच. १९२५ च्या सुमारास लंडनला मार्सडेन नावाच्या गृहस्थाच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित सापडलं. ते ओळखलं जस्टिन ॲबट यांनी, अमेरिकन मिशनचे, प्रॉटेस्टंट. ज्यांचा नि येशूसंघाचा उभा दावा, त्यांच्यातल्याच एकानं. आणि १९५६ ला पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती छापली. स्टीफन्सनं खिळे मागितल्याला तेव्हा ३४८ वर्षं झाली होती.

माझ्यापुरतं म्हणाल तर या संघाची कहाणी सांगताना सगळे लोयोला, झेवियर, पोप, राजे यांच्याबद्दल बोलतात. वहीवर बोरू चालवणाऱ्या त्या माणसांची नावं कुठंच नाहीत. पापभीरू शेतकरी, भंडारी, रेंदेर (माडी काढणारे) असतील. संघ बंद होता ती चाळीस वर्षं त्याचं मराठी काम या लोकांनी सांभाळलं, तेही कुणी न सांगता. मी चाळीस वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवतोय, मला ती माणसं माझ्या धंद्यातली वाटतात.

ताई, पुस्तकाचं सांगतो. वाळवीचे फर्मे जपानी कागद लावून सांधले. खळीत मोरचूद घातलंय, कीड लागणार नाही. जुजबंदी दोऱ्यावर पुरी झाली, कडा कापलेल्या नाहीत. समासातल्या आजोबांच्या ओळी सगळ्या शाबूत आहेत. बऱ्याच ठिकाणी नुसती तारीख नि पाऊस किती पडला एवढंच लिहिलंय. एका ओवीपाशी ‘हे आईला आवडे’ असं आहे. परवापासून पुस्तक दाबयंत्रात आहे. शनिवारी पुठ्ठा चढवतो. वरनं कापड कुठलं लावू? काळं रेक्झीन लावायचं माझ्या जिवावर येतंय.

---

आजऱ्याची लेक

काका, रेक्झीन नको. आजीचं एक लुगडं आहे, हिरवं, विटलंय पण काठ धड आहे. शुक्रवारच्या आजरा-कोल्हापूर गाडीनं घेऊन येते.

---

पंचगंगेकाठी

आणा. एकदा धुऊन, बिनखळीचं आणा, म्हणजे बसतं चांगलं. काठ पाठीवर घेतो.